एकसष्टावी जाग

शीतनिद्रा-कक्षातल्या पेटीचं झाकण उघडलं आणि फादर रेमेद तुस्कानो एकसष्टाव्यांदा जागे झाले. बाहेर वर्ष उलटलं होतं. त्यांच्या शरीराला मात्र एक रात्र झोप झाल्यासारखं वाटत होतं.

नव्या सूर्याकडे निघालेल्या या यानाचा प्रवास एकशेऐंशी वर्षांचा होता. यानावर धर्मगुरू एकच, आणि दुसऱ्या कुणाला धर्मगुरूपदाची दीक्षा देईल असा बिशप नाही. म्हणून फादरांनी शीतनिद्रा पत्करली होती. दर ईस्टरला एक दिवस जागायचं, मिस्सा अर्पण करायची, पापनिवेदनं ऐकायची, मरणासन्नांना अखेरच्या संस्काराचं पवित्र तेल लावायचं आणि पुन्हा निजायचं.

डॉक्टर इमेल्डा मच्याडोनं त्यांची नाडी पाहिली. तिचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. त्यांच्या लेखी दोन महिन्यांपूर्वी. आता तिचे केस पांढरे झाले होते.

"तेल किती जणांना लावायचंय?"

"चौदा."

"गेल्या खेपेला नऊ होते. एवढी माणसं नेमकी ईस्टरलाच कशी मरायला टेकतात गं?"

इमेल्डा जरा घुटमळली. "एरवी इथं सहसा कुणी मरतच नाही, फादर. तुमच्याविना जायची भीती वाटते लोकांना. आजारी माणसं तुमचा दिवस गाठतात. महिनाभर आधी औषध बंद करतात. त्यातले काही बरेही झाले असते."

"आणि तू?"

"मी मृत्यूचं कारण म्हातारपण लिहिते."

फादरांनी चौदाही जणांना तेल लावलं. संध्याकाळी ते पेटीकडे फिरकले नाहीत.

"मी रोज जागा असलो, तर माझी वेळ साधून कुणी मरणार नाही," ते म्हणाले.

दहा महिने तसंच झालं. माणसं आपापल्या वेळेला गेली. मग एकदा जिना चढताना फादरांना घेरी आली. तपासणीनंतर इमेल्डानं काही लपवलं नाही.

"शीतनिद्रेनं हृदयाचा स्नायू झिजलाय. फार तर दोन वर्षं. पेटीत गेलात तर उठणार नाही."

यान लहान. दुपारपर्यंत बातमी घरोघरी पोचली.

तिसऱ्या दिवशी इमेल्डा प्रार्थनागृहात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "तेवीस जणांनी औषध सोडलंय. तुम्ही आहात तोवर जायचं म्हणतात. काही तर पन्नाशीचेच आहेत."

फादर बाकावर बसले. "दर ईस्टरला मी यांना सांगत आलो. खरा याजक एकच आहे, ख्रिस्त, आणि त्याला मरण नाही. कुणालाच पटलं नाही?"

"तुम्हाला तरी पटलं होतं, फादर?" इमेल्डानं हळूच विचारलं. "मग त्या पेटीत कशाला निजलात?"

फादर बाकाला धरून उठले. तेलाची कुपी त्यांनी वेदीवरच राहू दिली.

"त्या तेवीसांतलं पहिलं घर कुणाचं?"

"पास्कोल घोन्सालविसांचं."

"चल. आत्ता विचारलंस ते तिथं पुन्हा विचार मला. सगळ्यांसमोर."