सर्दी कुणाची कुणाला

मुलांच्या नाकातले नमुने घ्यायला प्रयोगशाळेतून कुणीतरी येणार, हे बालवाडीच्या बाईला माहीत होतं. तो मुलांनाच इतका घाबरेल, हे मात्र नव्हतं. एकही पोर नाक पुढे करेना, तेव्हा बाईच चिमुकल्या खुर्चीवर बसली.

"आधी माझं घ्या. बघू देत त्यांना."

कापसाची काडी आत गेली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पहिल्याच भेटीत रडवलंत," ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं, नाककाका.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला, आणि काम उरकलं तरी रेंगाळू लागला.

"हीच पोरं गेल्या वर्षीही शिंकत होती," एकदा ती म्हणाली. "एकदा झालं की पुन्हा होऊ नये ना?"

"विषाणू तोच. पण त्याच्या नकला निघताना बारीक चुका होतात, वरचं कवच जरासं बदलतं... मग शरीर पटकन ओळखत नाही."

"मी बरी ओळखते. आज दाढी करून आलात, तरी ओळखलं."

"तुमच्यासाठीच केली," तो पुटपुटला, आणि दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही. एका भुरभुरत्या संध्याकाळी ते बसथांब्यावर बसले होते. तिचं नाक गळत होतं.

"लांब बस," ती म्हणाली.

तो आणखी जवळ सरकला, तिच्या शालीचं टोक स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. तिनंही मग पुन्हा सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या ताईचं तान्हं बाळ दवाखान्यात होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी. मामानं त्याला मांडीवर घेतलं होतं... जराशा सर्दीला कोण विचारतो!

कळताच ती धावत प्रयोगशाळेत गेली. तो संगणकाच्या पडद्याकडे बघत होता.

"बाळाचा, माझा, तुझा... तिन्ही नमुन्यांत एकच विषाणू. हा बदल इतर कुणातच नाही."

ती उभीच राहिली. त्यानं काहीतरी बोलावं, निदान वळून बघावं... तो पडद्यावरची अक्षरंच बघत राहिला.

"येते मी," ती म्हणाली.

नंतर त्याचे फोन आले. तिनं उचलले नाहीत. नमुने न्यायला दुसराच माणूस येऊ लागला. बाळ बरं झाल्याचं त्या माणसाकडूनच कळलं.

वर्ष उलटलं. औषधांच्या दुकानात एका बाईनं तिला थांबवलं, कडेवर गुबगुबीत मूल.

"तुम्ही बालवाडीच्या ना? भावाच्या फोनमध्ये तुमचा फोटो पाहिलाय. परदेशी गेला तो, नोकरीसाठी." ताईनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "दवाखान्यात माझ्यापुढे रडला होता. म्हणाला, ती लांब बस म्हणत होती, मीच ऐकलं नाही. तुमच्याशी बोलला असेलच."

"नाही," ती म्हणाली. "मी बोलूच दिलं नाही."

काउंटरवरून ताईला हाक आली. "जरा धरता याला?"

बाळ उबदार होतं, जड होतं. त्यानं लगेच तिचा कान पकडला. कित्येक दिवसांत तिला साधी शिंकही आली नव्हती. तरी तिनं तोंड बाजूला वळवलं आणि ताई परत येईपर्यंत जमेल तेवढा श्वास रोखून धरला.