अंगठ्याची तिरपी रेघ

दुपारी ठेकेदाराचा निरोप आला. खिडकी गळते, येऊन बघ. पिशवी उचलली आणि गेलो.

खिडक्या बसवणं हे माझं आणि धाकट्या भावाचं काम. ठेकेदार राहतो त्याच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला काम करताना धाकटा पडला आणि गेला. "पिऊन आला होता," ठेकेदारानं सगळ्यांना सांगितलं. मुकादमानं मान डोलावली. धाकटा जन्मात प्यायला नव्हता.

खोलीत कुबट वास होता. भिंत फुगलेली. बाहेर पाऊस. ठेकेदार पलंगावर पाय वर घेऊन बसला होता.

"या मिस्त्री. खिडकी बसवलीत की चाळण?"

चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की पाणी भिंतीत शिरतं. इथं सगळी बुजलेली होती. फटी भरायचं चिकट सीलंट, तेही ताजं.

"कोणी बुजवली?"

"मी रोज खरवडतो. सकाळी पुन्हा तशीच..."

मी वाकलो. सीलंट अंगठ्यानं ओढलेलं, मधोमध तिरपी रेघ. धाकट्याचा अंगठा पत्र्यानं चिरला होता. तो सीलंटवर अंगठा फिरवी, तिथं ती रेघ उमटे.

भिंतीच्या आत पाणी चढत होतं. स्पष्ट ऐकू येत होतं.

"ती भोकं उघडा बाबा... भिंतीत कोणीतरी खोकतं..." ठेकेदार म्हणाला.

"आधी खरं सांगा. मग उघडतो."

त्यानं भिंतीकडे पाहिलं.

"त्याच्या कमरेची दोरी मी काढून घेतली. दुसरीकडे हवी होती..."

"आणि दारू?"

"पडल्यावर... आम्ही तोंडात ओतली. मुकादमानं जबडा धरला."

मी शब्द पाळला. सुरीनं भोकं मोकळी केली. पाणी भळभळा बाहेर गेलं. ठेकेदाराच्या जिवात जीव आला.

"हे इथंच विसरा हां. बाहेर मी तो पिऊन होता हेच सांगणार."

तेवढ्यात भोकातून पांढरं सीलंट आतून बाहेर आलं. त्यावर हळूच रेघ उमटली.

"मिस्त्री... थांबा..."

"माझं काम झालं," मी म्हणालो आणि दार ओढून घेतलं.

सकाळी तो मेलेला सापडला. खोली कोरडी ठणठणीत. ओठ सीलंटनं बंद केलेले, वर तिरपी रेघ. पोलिसांनी माझी पिशवी तपासली. सीलंटची नळी फोडलेलीच नव्हती.

ती अजूनही फोडलेली नाही. फक्त रोज थोडी हलकी लागते.

आज मुकादमाचा निरोप आला. त्याची खिडकी गळायला लागली आहे.