आजारी असाल तर समक्ष या

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. आमच्या नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, भर दुपारी घडलं.

मी तिथे आस्थापना विभागात आहे. कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्या, आजारपणं, सगळं माझ्या टेबलावरून जातं.

आमच्याकडे एक जुना नियम होता. आजारपणाची रजा हवी असेल, तर आजारी माणसाने स्वतः यायचं. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसायचं. साहेब "या आत" म्हणाले की जाऊन तोंड दाखवायचं. मग रजा.

गेल्या हिवाळ्यात रस्ते झाडणाऱ्या एक मावशी तापाने फणफणत आल्या. बाकावर बसून खोकत होत्या. मी दोनदा आत जाऊन सांगितलं.

"बसू दे," साहेब म्हणाले. "नाटकं असतात सगळी."

जेवणाच्या सुट्टीनंतर शिपाई त्यांना हलवून उठवायला गेला...

मावशी बसल्या जागीच गेल्या होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी रजेचे नियम नव्याने करायचे ठरलं. मसुदा माझ्याकडे आला. हक्काच्या सुट्ट्या वाढल्या, बाळंतपणाची रजा वाढली. बाकाचा नियम मी सरळ गाळून टाकला.

ज्या दिवशी संध्याकाळच्या सभेत मसुदा मंजूर व्हायचा होता, त्याच दुपारी साहेबांच्या ते लक्षात आलं. मजल्यावर आम्ही दोघंच. बाकी सगळे खाली कोणाच्या तरी निरोप समारंभाला.

"तो नियम घाला परत. नाही तर उद्या अख्खी नगरपालिका आजारी पडेल."

"मी नाही टाइप करणार, साहेब."

माझा धाकटा भाऊ नगरपालिकेच्याच अग्निशमन दलात आहे. तेव्हा तो घरी तापाने पडला होता. नियम राहिला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच बाकावर बसावं लागलं असतं. मी मेले तरी टाइप केलं नसतं.

साहेबांनी पेन उचललं. "मग मीच लिहितो."

तेवढ्यात बाहेर...

कोणीतरी खोकलं.

मी बाहेर आले. बाक रिकामा. जिन्यापर्यंत चिटपाखरू नाही.

बाकावर हात टेकला...

आणि झटकन मागे घेतला. एका कोपऱ्यात लाकूड तापलेलं होतं. तिथे ऊन कधीच येत नाही.

पुन्हा खोकला. अगदी माझ्या शेजारी.

आतून साहेब मान वर न करता, नेहमीच्या सवयीने ओरडले, "या आत!"

खोकला थांबला.

माझ्या अंगावरून गरम झळ गेली. केबिनचं झुलतं दार उघडलं... आणि मिटलं.

आत खुर्ची सरकली.

मी धावत गेले. साहेबांसमोरची खुर्ची मागे ओढलेली होती. रिकामी. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

"हिला... हिला जायला सांगा."

"तुम्हीच सांगा. तुम्ही बोलावलंय," मी म्हणाले. "रजा मंजूर म्हणा आणि घरी पाठवा."

मसुदा माझ्या हातात कोंबून साहेब बाहेर पळाले. नियम लिहायचा राहूनच गेला.

मसुदा तसाच मंजूर झाला. भाऊ घरी अंथरुणात पडून बरा झाला. कोणी त्याला तोंड दाखवायला बोलावलं नाही.

साहेब मात्र केबिनमध्ये पाऊल टाकत नाहीत. पंखा बिघडलाय म्हणे. फायली घेऊन बाहेर बाकावर बसतात.

आणि दुपारी आतून... खोकला येतो.

मी एकदा आत जाऊन म्हणाले, "मावशी, रजा मंजूर. घरी जा." उपयोग झाला नाही. रजा साहेबांनीच द्यायची असते, हे मावशींनाही ठाऊक आहे.

काल दुपारी खोकला आलाच नाही.

साहेब बाकावर. मी समोर टेबलाशी.

केबिनमधून आवाज आला... खरखरीत, दमलेला. मावशींचा.

"या आत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

घाम मलाही फुटला होता. पण मी जागची हलले नाही.

"जा की, साहेब," मी म्हणाले. "किती वेळ ताटकळत ठेवणार त्यांना?"