खंडेनवमीचा लॅपटॉप

आपल्या टेबलावरचा पंखा कुणी हलवलेला नीरजाला मुळीच खपत नसे. आणि रेडीच्या त्या खनिज कंपनीच्या ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या या सावळ्या, उंच मुलाने तोच पंखा तिच्याकडून फिरवून एका खोक्याकडे वळवला.

"याला गरम होतं," तो म्हणाला.

"आणि मला?"

त्याने वर पाहिलं... आणि पंखा निमूटपणे मधोमध ठेवला. डोळे मात्र बरे होते मेल्याचे, एवढं तिने मनातल्या मनात कबूल केलं.

तो वैभववाडीचा काशिनाथ, कोल्हापुरातल्या एका एजन्सीचा मेकॅनिक. खोक्यात होता लॅपटॉप. अठ्ठ्याऐंशी साली रेडीत हा शब्दही कुणी ऐकलेला नव्हता. मॅनेजरसाहेबांनी हौसेने मागवलेलं ते धूड टायपिस्ट म्हणून नीरजाच्या गळ्यात पडलं. पाच वर्षं हात लावावा लागणार नाही, असं काशिनाथ छातीठोकपणे सांगून गेला.

कसली पाच वर्षं आणि कसलं काय! समुद्राची खारी हवा, त्यात खनिजाची तांबडी धूळ. आज पडदा काळा, उद्या बटणं अडलेली. दर वेळी ट्रंक कॉल, दर वेळी एस.टी.तून उतरणारा काशिनाथ आणि दर वेळी नीरजाच्या तोंडाचा पट्टा. आपल्या टाइपरायटरने थेंबभर तेलावर किती पावसाळे काढले, हे ऐकवल्याशिवाय ती त्याला चहा देत नसे. टाइपरायटर तुमच्या धाकाने चालत असेल, असं म्हणून तो शांतपणे बशीत चहा ओतायचा. ती चिडायची. तो गेला की मात्र ऑफिस ओकंओकं वाटायचं, आणि याचाच तिला जास्त राग यायचा.

दसऱ्यानंतर मशीनने कायमची मान टाकली. साहेबांनी एजन्सीला खरमरीत कळवलं. मशीन परत आलं तर काशिनाथलाच घरी बसवू, असं एजन्सीच्या मालकाने बजावून त्याला पाठवलं.

त्याने बटणं उचकटली. खालून निघाल्या अक्षता... आणि कुंकवाचा चिखल.

नीरजाचा चेहरा पांढराफटक पडला. खंडेनवमीला दरवर्षी टाइपरायटरची करते तशी तिने याचीही पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, वर पळीभर तीर्थ. निदान देवाच्या कृपेने तरी चालेल, म्हणून.

काशिनाथने अक्षता गुपचूप खिशात टाकल्या आणि साहेबांना जाऊन सांगितलं, खाऱ्या हवेने गेलं, दोष मशीनचाच.

नीरजाचं डोकं फिरलं. याला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? ती तडक केबिनमध्ये शिरली आणि सगळं सांगून मोकळी झाली. साहेबांनी कपाळाला हात लावला. चूक आमची, असं एजन्सीला कळवायचं, मशीन परत न्यायचं आणि या बाईला तिचा टाइपरायटर द्यायचा, असा निकाल लागला.

ती एस.टी.पर्यंत त्याच्याबरोबर गेली. मशीन आत सीटवर ठेवून तो पुन्हा खाली उतरला.

"कित्याक सांगलंस?" त्याने विचारलं. ऑफिसातलं 'तुम्ही' केव्हाच गळालं होतं.

"तुझी नोकरी गेली असती."

"नोकरी वाचली गो. पण आता हयसर येऊक माका निमित्त खंय आसा?"

आणि एवढं बोलून हा बाबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत बटणांवर रबरी आच्छादन कसं हवं होतं, ते सांगू लागला. नीरजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गाढवा, निमित्त कशाक होया? माका तू आवडतंस. घराक येऊन बाबांका इचार."

काशिनाथचा अंगठा मातीतच थबकला. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली, धूळ उडवत वळणापर्यंत गेलीसुद्धा.

"अरे... मशीन गेला," नीरजा ओरडली.

तो जागचा हलला नाही.

"ता हरवचा नाय, सावंतवाडीक गावतला," तो म्हणाला. "आधी सांग, तुझे बाबा घराक कधी गावतले?"