अंगाखालची कोरडी वाळू

सोलांज एतिएन जिना चढून आली, पण समोर ठेवलेल्या खुर्चीत बसली नाही.

"माझ्या भावाला मारलंय, मिस युडोरा," ती म्हणाली. "आणि इन्स्पेक्टर पासकल म्हणतात, तो पिऊन पडला. सहलीचं जहाज संध्याकाळी सुटेल. एकदा ते सुटलं की कुणाला विचारणार?"

मिस युडोरा कासिमिर पूर्वी राजधानीत पोलिसात होती. वरिष्ठांशी भांडून तिने नोकरी सोडली आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्ट्समाउथ बंदरात, बेकरीच्या माडीवर खाजगी चौकशीचं काम थाटलं. पन्नाशी उलटलेली, कमी बोलणारी. मदतीला मावसभाऊ कथबर्ट. तो जहाजाच्या प्रवाशांना गाडीतून डोंगर-धबधबे दाखवायचा आणि उरलेल्या वेळात युडोराला नको ते सल्ले द्यायचा.

सोलांजने सगळं सांगितलं. लॅम्बर्ट, तिचा धाकटा भाऊ, होडीवाला. प्रवाशांना प्रवाळ दाखवायला न्यायचा. सकाळी टेकडीपलीकडे आन्स नोएलच्या किनाऱ्यावर तो डोकं फुटून मेलेला सापडला. शेजारी रमची रिकामी बाटली. लॅम्बर्टने ईस्टरला पाद्रींसमोर दारू सोडली होती. होडीत एक बाटली असायची, ती प्रवाशांना पंच, म्हणजे रमचं सरबत, पाजायला.

"काल संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्याने होडी रंगवली. इतकी वर्षं निळी होती, काल पिवळी केली. रंगाचा डबा मीच धरला होता. पिऊन लोळणारा माणूस होडी रंगवतो का?"

कथबर्टने घसा खाकरला. जहाजवाल्यांशी वाकडं घेऊ नये, पासकल म्हणतो तर असेलही तसं, वगैरे वगैरे तो बोलू लागला. युडोराने टोपी उचलली. तोही उठला.

बंदर आणि आन्स नोएल यांच्यामध्ये एकच टेकडी. पायवाटेने थोड्या वेळात माणूस पलीकडे उतरतो. बंदरात सकाळपासून लख्ख ऊन होतं. कथबर्टने गाडी धुतली ती लगेच वाळली होती. टेकडी ओलांडली तशी पायवाट चिखलाची झाली. सकाळी या बाजूला जोराची सर कोसळून गेली होती.

खाली उतरल्यावर सोलांज थांबली. जहाज कंपनीने किनाऱ्याला तारेचं कुंपण घातलं होतं. दाराला पहारेकरी आणि कुलूप, ते जहाजाच्या दिवशी उघडायचे. आज पहारेकरी सर ओसरून बराच वेळ झाल्यावर आला होता. जागोजागी पाट्या: फक्त प्रवाशांसाठी. त्यातल्या तीन पाट्या उपटून वाळूत फेकलेल्या होत्या. चौथीचा नुसता खड्डा होता.

"लॅम्बर्टनेच उपटल्या," सोलांज म्हणाली. "आमची पोरं इथं पोहायला शिकली. आता पहारेकऱ्याला विचारून पाण्यात उतरायचं?"

पाण्यावरून थेट प्रवाळापर्यंत नजर जावी म्हणून कंपनीने बदामाची आणि नारळाची झाडं तोडली होती. नुसती खोडं उरली होती. वाळूच्या टोकाला एकच डेरेदार झाड शिल्लक होतं, बुंध्याला पांढराशुभ्र चुना लावलेलं. भर उन्हात कथबर्ट त्या झाडाला लांबून वळसा घालून गेला.

"त्याला लाल पट्टा होता," तो म्हणाला. "सरकारने मारलेला. त्याचं फळ खाल्लं की घसा सोलून निघतो. तोडायला इथला एकही माणूस तयार होईना. मग कंपनीने पट्टा वाईट दिसतो म्हणून वर चुना फासला. आम्ही सांगितलं, तर हसले."

लॅम्बर्ट उघड्या वाळूवर पालथा पडला होता, वर ताडपत्री. डॉक्टरीणबाई नुकत्याच पोचल्या होत्या. पासकल कपाळाचा घाम पुशीत उभा होता. राजधानीतून त्याला दोनदा फोन आला होता. जहाजाला उशीर होता कामा नये.

युडोराच्या विनंतीवरून डॉक्टरीणबाईंनी प्रेत कुशीवर वळवलं. आजूबाजूची वाळू पावसाने दाबून घट्ट झालेली. लॅम्बर्टच्या अंगाखालची मात्र कोरडी, भुरभुरीत. त्याचा सदरा पाठीवर चिंब होता आणि पाठीवरच रमचा भपकारा येत होता, डोळ्यांत पाणी यावं इतका. पडल्यावर डोकं फुटेल असा एकही खडक जवळ नव्हता.

युडोराने कथबर्टला सदरा हुंगायला लावला. तो म्हणाला, रमच आहे की, मग पासकल खोटं कुठे बोलतो?

"तू नीट हुंगलंस," ती म्हणाली, "पण विचार मात्र केला नाहीस."

पिवळी होडी वाळूवर ओढलेली होती. हात लावला तर रंग अजून बोटाला लागत होता. कंपनीने लॅम्बर्टला बंदराच्या धक्क्यावर यायला बंदी केली होती. सकाळी तो गावाच्या किनाऱ्यावरून थेट इथेच आला होता.

पहिली गाठ फेलिक्स डेल्सॉलशी. प्रेत सगळ्यांत आधी त्यानेच पाहिलं होतं. तोही याच गावचा होडीवाला, पण हल्ली जहाजाच्या पगारावर. लॅम्बर्टशी त्याची गेल्या आठवड्यात मारामारी झाली होती. उघड्या अंगाने तो दोर गुंडाळत बसला होता. काळ्याभोर पाठीवर ओरखडा नव्हता. पाऊस पडत असताना आपण समुद्रात होतो, पाऊस थांबल्यावर किनाऱ्याशी आलो, असं त्याने सांगितलं.

"तो मला विकला गेलेला म्हणायचा," डेल्सॉल म्हणाला. "खरंच बोलायचा. म्हणून तर मारलं होतं मी त्याला. पण जीव नाही घेतला."

दुसरा फेअरली, जहाजावरचा प्रवासी. सकाळी लॅम्बर्टच्या होडीत बसायला टेकडी ओलांडून आलेला. ढग बघून लॅम्बर्टने लांब जायला नकार दिला, तेव्हा भांडण करून तो पावसाआधीच परत फिरला होता. आता बंदरातल्या टपरीवर बसला होता, खांदे उकडलेल्या खेकड्यासारखे लाल. बनियनच्या पट्ट्यांखाली मात्र कातडी पांढरीफटक होती. त्याला मेलेल्या माणसापेक्षा बुडालेल्या सहलीचं जास्त दुःख होतं. सोलांज समोर उभी आहे हे कळल्यावर मात्र तो ओशाळला आणि टोपी काढून उभा राहिला.

तिसरा ब्रेमर, जहाजाचा सहल अधिकारी. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला. कॉलर वर केलेली, सावलीतही काळा चष्मा. बोलताना बर्फाच्या पाण्याचा पेला हाताच्या आतल्या बाजूवरून फिरवत होता. तिथे लाल चट्टे होते.

"तुमच्या बेटाचं ऊन," तो म्हणाला.

जहाज लागल्यापासून आपण या शेडबाहेर पाऊल टाकलं नाही, असं त्याने सांगितलं. लॅम्बर्टला गेल्या फेरीनंतर पाहिलंच नव्हतं म्हणे. गेला ते वाईट झालं, पण अशा लोकांचं असंच व्हायचं.

"मी दर फेरीला कर्ण्यावरून बजावतो, त्या पिवळ्या होडीत बसू नका. परवाना नाही, शिस्त नाही. ऐकतं कोण?"

सोलांजच्या मुठी वळल्या. युडोराने तिचा दंड धरला आणि आभार मानून बाहेर पडली. बाहेर येताच तिने कथबर्टला पासकलला आणि डॉक्टरीणबाईंना आणायला पाठवलं, जहाजाचा भोंगा व्हायच्या आत.

ते आले तेव्हा प्रवासी परत जहाजावर चढत होते. रांगेबाहेर डेल्सॉल आणि फेअरलीही थांबले. ब्रेमर जिन्याकडे निघाला होता. पासकलने त्याला अदबीने दोन मिनिटं मागितली.

"लॅम्बर्ट पावसाआधी मेला," युडोरा म्हणाली. "त्याच्याखालची वाळू कोरडी होती. सर आली तेव्हा तो आधीच पडलेला होता. बरोबर?"

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

"मग पाठीवरच्या सदऱ्याला रमचा वास कसा? आधी सांडली असती तर अशा पावसात धुऊन गेली असती. म्हणजे रम पाऊस थांबल्यावर ओतली. मेलेला माणूस स्वतःच्या पाठीवर रम ओतत नाही, पासकल. कुणीतरी त्याला मारलं, सर थांबेपर्यंत तिथेच थांबलं, मग होडीतली बाटली आणून त्याच्यावर रिकामी केली."

पासकलने विचारलं, थांबलं कुठे?

"तोच प्रश्न आहे. बाकी झाडं कंपनीने तोडली. आडोसा एकच उरला, चुना फासलेलं झाड. ते मंचिनील आहे. त्याचा चीक पावसाच्या थेंबातून अंगावर गळला तरी कातडी भाजते. लगेच नाही, काही तासांनी. डेल्सॉल बुडून मरेल, पण त्या झाडाखाली उभा राहायचा नाही. इथलं कुणीच राहायचं नाही. मारणारा बाहेरचा होता."

फेअरली घाबरून स्वतःच्या खांद्यांकडे पाहू लागला.

"तुमचं ऊनच आहे," ती त्याला म्हणाली. "पट्ट्यांखाली कातडी पांढरी आहे. ऊन कापड ओलांडत नाही. आणि ऊन हाताच्या आतल्या बाजूला, हनुवटीखाली लागत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच नाही. मिस्टर ब्रेमर, बाही वर करा."

ब्रेमरने केली नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन त्याचा चष्मा काढला. डोळे सुजून बारीक झाले होते. मानेवरून ओघळांच्या रेषांत फोड आले होते, मेणबत्ती वितळावी तसे.

"आणि पिवळी होडी," युडोरा म्हणाली. "गेल्या फेरीला ती निळी होती. पिवळी झाली काल संध्याकाळी. या धक्क्यावर ती आलीच नाही."

"कुणी सांगितलं असेल मला," ब्रेमर म्हणाला.

"असेल. म्हणून मी नुसत्या रंगावर थांबले नाही."

मग ब्रेमरच भडकला. तो गप्प राहिला असता तर पासकलला धीर झाला असता की नाही, देव जाणे. पण चेहरा जळत होता आणि इतके डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

"माझ्या पाट्या उपटत होता तो," तो ओरडला. "समजवायला गेलो तर हसला. माझ्या किनाऱ्यावर उभा राहून मला हसला."

"तुझ्या?" सोलांज म्हणाली.

एवढंच. पासकलने बेड्या काढल्या. ज्या पाटीच्या लोखंडी खांबाने घाव घातला, ती चौथी पाटी दुसऱ्या दिवशी डेल्सॉलने समुद्रात बुडी मारून वर काढली.

पण त्या संध्याकाळी आधी भोंगा झाला. कप्तानाने वरून एक माणूस पाठवून काय झालं ते विचारून घेतलं. मग दोर सुटले. ब्रेमर धक्क्यावर बेड्यांत उभा होता, आणि जहाज त्याच्यासाठीही थांबलं नाही. डेकवरचं संगीत सुरू झालं.

सोलांजने आभार मानले नाहीत. "एक माणूस टाकून गेले," ती म्हणाली. "कुंपण घालणारे वर बसून जेवताहेत."



शनिवारी लॅम्बर्टची अंत्ययात्रा निघाली. होडीवाल्याची शवपेटी दफनाआधी पाण्याला लावून न्यायची, ही गावाची रीत. पेटी कथबर्टच्या गाडीत होती, मागे सगळं गाव. किनाऱ्याच्या दाराला कुलूप होतं. पहारेकरी गावचाच पोरगा, मान खाली घालून म्हणाला, वरून परवानगी आलेली नाही. पासकल गणवेशात आला होता. तो समुद्राकडे बघत राहिला.

युडोरा काही बोलणार, तेवढ्यात कथबर्टने पहारेकऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं. मग टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी पुढे घातली. दार वाकलं, करकरलं आणि आडवं झालं. समोरची काच तडकली.

"चला," तो मागच्यांना म्हणाला. "पाय सांभाळा, तारा आहेत."