बावीस अंशांवरचं सत्य

दुपारी बारा वाजले की चंद्रपूरच्या गच्च्यांवरून ड्रोन फिरायचे आणि आभाळ ताकासारखं पांढुरकं व्हायचं. लोक त्याला 'छत' म्हणत. फवारलेले सूक्ष्म वायुकण ऊन परतवतात, असा शीतनभ मंडळाचा दावा होता. त्या दाव्यावर उन्हातल्या मजुरांची दुपारची सुट्टी बंदही झाली होती.

गेल्या आठवड्यात त्याच छताखाली मनिराम उईके डांबर टाकताना कोसळला. सलाईन लावून त्याला शुद्धीवर आणलं आणि आज पुन्हा कामावर बोलावलं. त्याची थोरली बहीण सुचेता मंडळाच्याच पुण्यातल्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती. ती संतापाने नुसती धुमसत होती.

चंद्रपूरचे कण बर्फाच्या पेटीतून पुण्याला यायचे आणि एसीच्या खोलीत, बावीस अंशांवर तपासले जायचे. तिथे ते शुभ्रच दिसणार! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अठ्ठेचाळीस अंशांत जगणाऱ्या कणांची परीक्षा गारव्यात घ्यायची, ही कुठली अक्कल?

तिने काचेच्या पेटीत तेच कण सोडले, शहराच्या हवेतला अमोनिया आणि धूर मिसळला आणि तापमान अठ्ठेचाळीसवर नेलं. गारव्यात जी अभिक्रिया रेंगाळायची, ती उष्णतेत भराभर झाली. कणांतलं पाणी उडालं, उरलेली द्रव्यं अमोनियाशी जुळली आणि रंगीत रेणू तयार झाले. पेटी कोऱ्या चहासारखी तपकिरी दिसू लागली. कण आता ऊन परतवत नव्हते, गिळत होते आणि भोवतालची हवा तापवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने संचालक निरगुडकरांना पेटी दाखवली.  ती पाहून ते म्हणाले की मान्यता बावीस अंशांच्या चाचणीला आहे, ती बदलायची तर समिती बसवावी लागेल.

"कधी?" सुचेताने विचारलं.

"उन्हाळा संपल्यावर."

"म्हणजे माणसं मेल्यावर, सर."

 फवारणी थांबवायचा अधिकार त्यांना होता, पण त्यांनी तो वापरला नाही. या माणसाची तिला किळस आली. बाहेर येऊन तिने भावाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि काम सोडून घरी जायला बजावलं.

पलीकडून ड्रोनची घरघर ऐकू येत होती.

"ताई, मुकादम वर बोट दाखवते न म्हणते, सरकारनं सावली केली, आता कायची सुट्टी?" मनिराम म्हणाला. "तूच सांग, मी उभा कुठं राहू?"