लोहाराच्या बायकोचा टाक

सरलाबाई माधवीताईंकडे आल्या त्या रडतच. त्यांची रंजना दोन वर्षांपूर्वी बारडोलीहून, सासरच्या घरातून नाहीशी झाली होती. जावई भूपेंद्र म्हणत होता, पळाली.

"रक्तातच आहे," मुलगा योगराज फटकन बोलला. "आमचे खापरपणजोबा खानदेशात लोहार. त्यांची बायको मानकाबाई तान्हं पोर टाकून पळाली. आजही घरात तिचं नाव घेत नाहीत."

"त्या काळचं काही उरलंय?" माधवीताईंनी विचारलं. सुरतेतल्या मराठी घरांची असली कामं त्यांच्याकडेच येत.

सरलाबाईंनी कनवटीचा टाक काढला. चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेली बाई, कडेवर मूल. लोहाराची दुसरी बायको तो गळ्यात घालायची.

"देवी असेल," योगराज म्हणाला.

"हातात शस्त्र नाही, पायाशी वाहन नाही. कसली देवी?"

ताईंचे मदतनीस श्रीरंगराव यांना मध्येच बोलायची भारी खोड. "माझ्या मावशीच्या गळ्यात अस्सा होता! मावशी दुसरेपणाची. पहिली बाळंतपणात गेलेली."

ताईंनी टक लावून पाहिलं, तसे ते ओशाळले.

बारडोलीत ताई घरात आल्या तरी भूपेंद्रनं सोफ्यावरून उठायचीही तसदी घेतली नाही. "गेली कुणाबरोबर तरी. असेल तिथे सुखी असो."

नवी बायको जयश्री पाणी घेऊन आली. बिचारी जेमतेम विशीची. गळ्यात काळ्या दोऱ्यात कोरा करकरीत टाक.

"छान आहे. कुणी दिला?" ताईंनी विचारलं.

"ह्यांनीच घडवून आणला. काढायचा नाही म्हणाले."

भूपेंद्रनं तिला आत पिटाळलं.

चार दिवसांनी ताई श्रीरंगरावांना घेऊन गोडादऱ्याला सरलाबाईंच्या घरी आल्या.

"श्रीरंगराव, मावशी टाक का घालायची?"

"मेलेल्या सवतीनं छळू नये म्हणून."

"मेलेल्या. पळालेल्या बाईचा टाक कुणी घडवतं?"

ताईंनी सरलाबाईंचा टाक हातात घेतला.

"लोहारानं गावाला सांगितलं, पळाली. दुसरीच्या गळ्यात मात्र टाक घातला. मानकाबाई मेल्याचं त्याला एकट्याला ठाऊक होतं. अन् तिची भीती वाटावी असंच काहीतरी त्यानं केलं होतं."

"आणि भूपेंद्र?" योगराजनं विचारलं.

"त्यानंही जयश्रीच्या गळ्यात टाक घातलाय. मी पोलिसांना ते सांगितलं. आज सकाळी तो कबूल झाला. रंजना त्याच्या उसाच्या शेतात आहे, सरलाबाई."

"माय वं!" सरलाबाई भिंतीला टेकल्या. "होळीला आली होती माझी पोर. मारतो म्हणाली, परत जात नाही म्हणाली. 'मानकाबाई होऊ नको' म्हणत मीच तिला गाडीत बसवली हो!"